मुंग्या

आधी डाव्या पायाच्या करंगळीत आल्या.
मला वाटलं, बूट घट्ट.
मग दोन्ही तळव्यांत रांगच लागली,
आणि एके दिवशी चिंतामणीनगरच्या रेल्वे पुलावर
तिकिटाचं मशीन धरलेल्या बोटांत.

आमच्या घरात मुंग्या मारत नाहीत.
सासूबाई उंबऱ्यापाशी चिमूटभर साखर टाकतात,
म्हणतात, त्यांचा रस्ता त्यांना, आपला आपल्याला.
ह्यांना मात्र माझाच रस्ता हवा होता.

सांगली–तासगाव, दिवसाला सहा फेऱ्या.
बुधगाव, कवलापूर, कुमठे फाटा,
अकरा वर्षं. झोपेतही ओरडले असते.
त्या मंगळवारी कवलापूर आलं
आणि माझ्या तोंडात नावच नव्हतं.
घंटीची दोरी धरून नुसती उभी,
जिभेच्या जागी गुळगुळीत, लाल काहीतरी,
वरणाच्या मिठानंही पेटणारं.
उतरणारा म्हातारा म्हणाला,
"बाई, स्टॉप तुम्ही इसरलाय, मी न्हाई."
मी हसले नाही. रडले.
कुणाच्यातरी द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटवर बसून,
सुट्ट्या पैशांच्या पिशवीत तोंड घालून.

डेपोत निदान प्रत्येकाच्या खिशात.
वय झालं. नजर लागली. घरात वाजलं असेल.
तोंड पांढरंफटक दिसतंय, पावडर जरा कमी लावा.
(पावडर मी लावतच नाही.)
जाऊबाई म्हणाल्या, केसांना मेंदी लाव.
लावली. थकवा केशरी झाला, एवढंच.

विश्रामबागेतल्या डॉक्टर चौगुले बाईंनी
थरथरणारा चिमटा घोट्याच्या हाडावर टेकवला.
"जाणवतंय?"
"ऐकू येतंय."
त्यांनी कागदावर काहीतरी खोल लिहिलं.
रक्ताचा रिपोर्ट आला: बी-बारा, एकशे चार.
"अंडं खाता?"
"जैन," मी म्हणाले.
"मीपण," त्या म्हणाल्या,
आणि ड्रॉवर उघडून स्वतःची अर्धी संपलेली पट्टी दाखवली.

इंजेक्शन लाल निघालं. डाळिंबाच्या दाण्यासारखं.
मी हात मागं घेतला.
नेमगोंडा कंपाउंडर म्हणाला,
"रंग घातलेला न्हाई ओ, मूळचंच तसं असतंय."
सोबतच्या गोळ्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी
मोरीत मार्केट यार्डाची हळद सांडली.
घाबरून फोन केला.
बाई म्हणाल्या, "सांगलीत राहून पिवळ्याला काय भ्यायचं!"

मग मीच एकदा विचारलं, हे लाल बनतं कशात?
झाडात नाही, पानात नाही, म्हणाल्या.
डोळ्यांना न दिसणारे जीव बनवतात,
मातीत, गाईच्या पोटात,
आता कारखान्याच्या टाक्यांतसुद्धा.

त्या दिवशी परतीच्या फेरीत मी एकही सुट्टा नीट मोजला नाही.
लहानपणापासून पाणी गाळून प्याले.
फडक्यावर उरलेलं आईनं विहिरीलाच परत द्यायला लावलं.
दिवस बुडायच्या आत डबा, मग ड्युटी कुठलीही असो.
ज्यांना जपायला हे सगळं,
त्यांच्यावाचूनच मी कवलापूर विसरले होते.
ह्याला पुण्य म्हणायचं का उधारी,
मशीनवर हिशेब निघेना.
अजून निघालेला नाही.

ओठांचे कोपरे आधी भरले.
मिरचीचा ठेचा खाल्ला, दोनदा.
पायरी चढताना दांडी धरायची विसरू लागले,
हे विसरणं बरं वाटलं.
पांढरे केस पांढरेच राहिले, राहू देत.
पाचव्या आठवड्यात बुधगाव सोडल्यावर
मी असं काही "कवलापूऽऽर" म्हटलं
की ड्रायव्हर गजबरभाईंनी दचकून आधीच ब्रेक मारला,
आणि गाडीतली एक शाळकरी पोर टाळ्या वाजवू लागली.

करंगळीत एक अजून आहे.
डॉक्टर म्हणतात, उशीर झाला होता, राहील कदाचित.
कुमठे फाट्याच्या वळणावर ती हलते.
मी पाय जरासा उचलून धरते,
चिरडू नये म्हणून.